सल्ला द्यायला दुसऱ्याच्या दारी जाताना

कन्सल्टिंगमध्ये नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन येणारी मुलं आमच्या सोसायटीत आता दरवर्षी दोन-तीन तरी असतात. पेढा मी आनंदानं घेते. मग मुलाची आई मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "म्हणजे नक्की काय काम हो करणार हा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बरेचदा मुलालाही ते नीट सांगता येत नाही.

मी भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं हिशेब खात्यात होते. सल्लागार मंडळी आमच्याकडे तीनदा येऊन गेली. म्हणजे तुम्ही उद्या ज्यांच्याकडे जाणार आहात, त्यांच्यातली मी. नंतर भाचा याच धंद्यात लागला, तेव्हा दुसरी बाजूही घरातून पाहिली. त्या जोरावर चार गोष्टी सांगते.

आधी काम काय ते. कंपनीचा खप पडतो, खर्च वाढतो, दोन कंपन्या एक करायच्या असतात, नवी सिस्टीम बसवायची असते. अशा वेळी मालक बाहेरची माणसं बोलावतात. ती काही आठवडे येऊन बसतात, आकडे गोळा करतात, माणसांशी बोलतात आणि काय करावं ते सांगून जातात. त्याचे पैसे घेतात, आणि चांगले घेतात. या धंद्यातली गाजलेली मॅकिन्झी १९२६ मध्ये शिकागोत जेम्स मॅकिन्झी यांनी काढली. ते हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. (हे कळलं तेव्हा आमच्या खात्याची मान उगाच ताठ झाली होती.) बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३ चा, बेन १९७३ ची. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी मूळच्या ऑडिटवाल्या. त्याही आता सल्ल्याचं मोठं काम करतात.

नाव सगळीकडे कन्सल्टंटच. काम मात्र एक नाही. एका ठिकाणी तुम्ही कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मीटिंगला बसाल. दुसरीकडे वर्षभर एकाच बँकेची नवी सिस्टीम तपासत राहाल. तिसरीकडे गुरुग्रामच्या ऑफिसात बसून परदेशातल्या टीमला माहिती काढून द्याल. तिन्हीत कमीपणा नाही. पण आपल्या वाट्याला कोणतं येणार, ते होकार देण्याआधी विचारा.

विचारायचं असं: "गेल्या वर्षी याच जागेवर लागलेल्या मुलानं वर्षभरात कोणकोणती कामं केली?" वेबसाइटवर लिहिलेल्या दहा परिच्छेदांपेक्षा या एका उत्तरातून जास्त कळेल. शक्य असेल तर त्या मुलाशीच बोला.

आता एक सावधगिरी, कारण यात शेजारच्या घरातले पैसे गेलेले आहेत. मोठ्या फर्मच्या नावानं खोटी ऑफर येते. कागदावर बोधचिन्ह असतं, सही असते, पगारही भला असतो. मग लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगची फी मागतात. नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही. मागितले की तिथंच थांबा. ई-मेलचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. फर्मच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन स्वतः फोन लावा. पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

मुलाखतीचं थोडं सांगते. या धंद्यात 'केस' विचारतात. एखादा धंदा अडचणीत आहे, काय कराल? किंवा नुसताच अंदाज: एक लाख वस्तीच्या गावात सलून किती असतील? मुलं घाबरतात, कारण पुस्तकात उत्तर नसतं. पण हा आपल्या घरचाच हिशेब आहे.

बघा. एक लाखात पुरुष आणि मुलगे धरा ५० हजार. महिन्याला एक कटिंग, म्हणजे ५० हजार कटिंग. एका खुर्चीवर दिवसाला १२ होतात. महिन्यात २६ दिवस धरले तर ३१२. पन्नास हजाराला ३१२ नी भागलं की १६० खुर्च्या. एका दुकानात दोन खुर्च्या, म्हणजे ८० सलून. (टक्कल पडलेल्यांची वजावट माझा भाचा करायचा. त्याला अनुभव होता.) उत्तर ८० आलं की ७०, याला महत्त्व नाही. तुम्ही पायरी-पायरीनं गेलात का, कुठं काय धरलं ते बोलून दाखवलंत का, आणि शेवटी "आमच्या गावात बसस्टँडपासून शाळेपर्यंत सात आहेत, तेव्हा हा आकडा पटतो" असं ताडून पाहिलंत का, हे ते बघतात.

सराव मोठ्यानं बोलून करा. मनातल्या मनात सगळेच हुशार असतात. आठवड्यात तीन केसेस मित्रासमोर सोडवा. इंग्रजी अडखळत असेल तर सावकाश बोला, वाक्यं लहान ठेवा. आणि पाढे पुन्हा पाठ करा. तिथं कॅल्क्युलेटर देत नाहीत. आजोबांकडून पावकी-निमकी शिकलेला मुलगा कुणी असलाच, तर त्यानं त्या दिवशी आजोबांच्या पाया पडून जावं.

पत्र हातात आलं की आनंद करा, पण सही करण्याआधी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसून ते वाचा. पानं बरीच असतात. सगळी वाचा.

पगाराचा मोठा आकडा म्हणजे सीटीसी. तो हातात येत नाही. समजा पत्रात वर्षाला १० लाख आहेत. बाराने भागून तुम्ही ८३ हजार धरता आणि तेवढ्यावर बाणेरला फ्लॅट बघायला निघता. थांबा. त्या दहा लाखांत एक लाख 'व्हेरिएबल' असेल, तर तो कामगिरी आणि फर्मची कमाई पाहून मिळणार, कदाचित पूर्ण मिळणारही नाही. मूळ पगार ५ लाख असेल तर कंपनीचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे ६० हजार, त्याच दहा लाखांत धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण २४ हजारही तिथंच, आणि ती कायम नोकरीत सहसा ५ वर्षं झाल्यावर मिळते. उरले ८ लाख १६ हजार, महिन्याला ६८ हजार. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा ५ हजार आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये. हाती येणार ६२,८००.

प्रत्येक फर्मची मांडणी निराळी असते, म्हणून आकडे बदलतील. तेव्हा सरळ विचारा, "दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?" हे विचारण्यात संकोच कसला! नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. पगार त्याच्या वर असेल तर करही धरा.

आणखी तीन ओळी पत्रात शोधा. पहिली, जॉइनिंग बोनस परत कधी मागतात. वर्षाच्या आत सोडलंत तर बहुतेक ठिकाणी तो परत करावा लागतो. म्हणून तो लगेच गाडीत घालू नका. दुसरी, नोटिशीचा काळ एक महिना आहे की तीन. तिसरी, बाँड. ट्रेनिंगच्या खर्चापोटी काही रक्कम लिहून घेतात. ती किती, किती दिवसांसाठी, हे स्पष्ट वाचा आणि रक्कम मोठी वाटली तर ओळखीच्या वकिलाला दाखवा. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत आणा.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक सांगते. पत्र आलं म्हणजे पगार सुरू झाला असं धरू नका. २०२३ मध्ये बऱ्याच सल्लागार फर्मनी नव्या मुलांच्या रुजू होण्याच्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या होत्या. पहिला पगार खात्यात पडेपर्यंत नवं कर्ज काढू नका.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायलाच मी बसले आहे.

आमच्याकडे पहिल्यांदा जी टीम आली, त्यात चार मुलं होती. हुशार होती, नम्रही होती. त्यांना पहिल्या मजल्यावरची काचेची केबिन दिली होती. सहा आठवडे ती तिथं बसली. काम होतं स्टोअरमध्ये अडकलेला पैसा मोकळा करायचं. त्यातला सगळ्यात लहान मुलगा माझ्याकडून फायली न्यायचा. त्यानं दोन वर्षांत न हललेल्या मालाची यादी काढली. चारशेच्या वर नग निघाले. यादी स्क्रीनवर फार छान दिसत होती. लाल, पिवळा, हिरवा रंग दिलेला. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. माल भंगारात गेला. त्या यादीवर सही माझीही होती, हे लपवत नाही.

आठ महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या डिस्पॅचच्या तोंडावर, दोन नंबरची प्रेस बंद पडली. तिच्या पंपाचा जो भाग हवा होता, तो त्याच यादीतून गेला होता. विमानानं मागवला, तरी अकरा दिवस प्रेस बंद.

स्टोअरमध्ये एक मामा होते. निवृत्तीला आलेले, कपाळाला अष्टगंध, खिशाला दोन पेनं. मी खाली गेले तेव्हा त्यांनी काही न बोलता त्या भागाचं बिन कार्ड, म्हणजे स्टोअरमधल्या नोंदीचं कार्ड, काढून माझ्यापुढे ठेवलं. पिवळं पडलेलं कार्ड. वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: प्रेस २, जर्मनी, १४ आठवडे.

"हलला नाही म्हणून विकलात," ते म्हणाले. "बाई, तो हलू नये म्हणूनच ठेवला होता."

कारखान्यात अशा मालाला इन्शुरन्स स्पेअर म्हणतात. विम्यासारखा. लागला नाही तर चांगलंच, पण लागला तर दुसरा इलाज नसतो. एक्सेलच्या रकान्यात तो आणि खरोखर मेलेला माल अगदी सारखे दिसतात. फरक त्या कार्डावर होता, आणि कार्ड जिन्याच्या वीस पायऱ्या खाली होतं. त्या मुलाला खाली जा असं कुणी सांगितलं नाही. मी तरी कुठं सांगितलं?

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे असाल आणि तीस वर्षं तेच काम केलेल्या माणसांना सल्ला द्यायला जाल. त्यांच्या घरी तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्यासारखे वागा. पाहुणा आल्या आल्या स्वयंपाकघरातले डबे उघडत नाही.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडण्याआधी जागा फिरून बघा. कारखाना असेल तर शॉप फ्लोअर, बँक असेल तर काउंटर, दुकान असेल तर गोदाम. जेवण त्यांच्याच कँटीनमध्ये घ्या, त्यांच्याच रांगेत उभं राहून. माणसाशी बोलताना वही काढा. स्क्रीन मध्ये आली की माणूस जपून बोलतो. आणि मराठी येतं हे लपवू नका. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, सातपूर, कुठंही गेलात तरी "मामा, हे कसं चालतं जरा दाखवता का?" या एका वाक्यानं जे कळेल, ते इंग्रजीतल्या प्रश्नावलीनं कळणार नाही.

त्यांच्या मनात एक भीती असते, तीही ओळखा. सल्लागार आले म्हणजे माणसं कमी करणार, असंच सगळे धरून चालतात. कधीकधी ते खरंही असतं. तुम्हाला ठाऊक नसेल तर "तुमच्या नोकरीला काही होणार नाही" असं तोंड भरून सांगू नका. ते वचन तुमच्या हातातलं नाही. "मला ठरवायचा अधिकार नाही, पण तुम्ही सांगाल ते नीट लिहून वर पोचवीन," एवढं म्हणा, आणि तेवढं नक्की करा.

कुणी सांगितलेली युक्ती तुमच्या स्लाइडवर गेली तर त्या माणसाचं श्रेय त्याला द्या. त्याला चालत असेल तर नावही घाला. आमच्या मुकादमाची कल्पना एकदा अशीच पडद्यावर झळकली, नाव मात्र टीमचं. पुढच्या वेळी त्यानं तोंड उघडलं नाही.

ऑफिसातल्या कामाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला तिथं शिकवतीलच. पहिली दोन वर्षं एक्सेल आणि स्लाइड. बेरीज दोन वाटांनी करून बघा. आलेला आकडा कंपनीच्या छापील अहवालाशी जुळतो का ते पाहा. प्रत्येक आकडा कुठून आला, ते त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा. चूक सापडली तर रात्री अकरा वाजले असले तरी मॅनेजरला तेव्हाच सांगा. सकाळी मीटिंगमध्ये ती क्लायंटला सापडली, तर मग तुमच्या बाकीच्या नव्वद बरोबर आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. काय करायचं ते समजलं नसेल तर अर्ध्या तासात विचारा. दोन दिवस एकट्यानं कुढत बसू नका.

तोंड मात्र बंद ठेवा. क्लायंटचं नाव लोकलमध्ये, विमानात, लग्नाच्या पंगतीत घेऊ नका. डेक्कन क्वीनमध्ये तुमच्या समोर बसलेले गृहस्थ कोण आहेत, ते तुम्हाला ठाऊक नसतं. क्लायंटची फाइल स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नका. फर्मनं परवानगी दिलेली नसेल तर एआयच्या चॅटमध्येही टाकू नका.

आणि शेअर. काका विचारतीलच, "काय रे, कोणता घेऊ?" हसून विषय बदला. आतली बातमी सांगणं हाही गुन्हा आहे, स्वतः एक पैसा मिळवला नाही तरी. यात लहान-मोठा असा भेद नाही. रजत गुप्ता १९९४ ते २००३ मॅकिन्झीचे जगभराचे प्रमुख होते. कोलकात्यात जन्मलेला, दिल्लीच्या आयआयटीतून गेलेला माणूस. पुढे ते गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळावर गेले. सप्टेंबर २००८ मध्ये मंडळाच्या बैठकीत वॉरन बफे यांच्या कंपनीच्या ५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची गोष्ट झाली. ती संपल्यावर मिनिटभरात त्यांनी एका ओळखीच्या गुंतवणूकदाराला फोन केला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं त्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे सेबीचे २०१५ चे नियम आहेत. रुजू झाल्यावर फर्म शेअरबद्दल जे फॉर्म भरून घेते, ते खरे भरा. बाबांचा डीमॅट तुम्ही चालवत असाल तर तेही सांगा.

शरीराचंही बघायला हवं. सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत, मध्ये हॉटेल आणि बारा-चौदा तास काम, असे आठवडे येतात. भाचा पहिल्या वर्षात नऊ किलोंनी वाढला, आणि सगळं रात्री साडेबाराला मागवलेल्या बिर्याणीनं. झोप कापून काम भागत नाही. तिसऱ्या दिवशी बेरीज चुकायला लागते. प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच मॅनेजरला तुमची एक ठाम गरज सांगा. बुधवारी संध्याकाळी आठला तासभर, किंवा आईच्या डायलिसिसचा दिवस. आधी सांगितलेलं बहुतेक पाळलं जातं. मध्येच सांगितलं की ते सबब वाटतं. आरोग्य विम्याचं कार्ड पहिल्याच आठवड्यात फोनमध्ये घेऊन ठेवा. आईवडिलांना त्यात घेता येतं का, विचारा.

मुलींनो, रात्री उशीर झाला तर फर्मच्या कॅबनंच जा, पैसे वाचवायला जाऊ नका. क्लायंटच्या ऑफिसात कुणी वावगं वागलं तर "आपण बाहेरचे" म्हणून गप्प बसायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दुसऱ्याच्या ऑफिसात कामाला गेलेल्या बाईलाही लागू आहे. आधी आपल्या फर्मच्या समितीला लेखी कळवा.

आणि घरच्यांनो, रात्री अकराला फोन करून "जेवलास का" विचारण्यापेक्षा रविवारी सकाळची वेळ ठरवून घ्या. तेव्हा तो खरं बोलेल.

दोन-तीन वर्षांनी बरीच मुलं हा धंदा सोडतात. काही फर्ममध्ये रीतच अशी आहे की वर चढलात तर राहा, नाहीतर दुसरीकडे बघा. शेजारी विचारतील, "काढलं का?" त्यांना काय, ते पेढे आणलेत तेव्हाही काहीतरी म्हणालेच होते. तोवर सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला ठेवलेले असले, तर पुढचं काम निवडायला उसंत मिळते. नसले, तर येईल ते धरावं लागतं.

आमच्याकडे तिसऱ्यांदा टीम आली तेव्हा माझी निवृत्ती वर्षावर होती. मामा निवृत्त होऊनही ठेकेदारीवर अर्धा दिवस स्टोअरमध्ये यायचे. टीममधली एक मुलगी, सांगलीकडची असावी बोलण्यावरून, पहिल्याच दिवशी जिना उतरून खाली गेली. मी इंडेंटचे कागद घेऊन गेले तेव्हा ती स्टुलावर बसलेली होती, मांडीवर वही. मामा कार्डांचा ट्रे पुढे ओढून एकेक काढत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, दोन चहा सांगा. हिला अजून 'क' पर्यंतच दाखवून झालंय."